शेतीयंत्रांची तार : एका गाठीचा हिशेब

मी गणिताचा अध्यापक. अमरावतीच्या एका महाविद्यालयात मुलांना गणित शिकवतो आणि राजापेठेत राहतो. तेव्हा शेतीच्या यंत्रांतील विजेच्या तारांविषयी हा मनुष्य काय बोलणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल, तर ती रास्तच आहे. परंतु या विषयाशी माझा संबंध पुस्तकातून आलेला नाही. तो माझ्या हातून झालेल्या एका चुकीतून आला आहे. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे आपणांस उसने वाटणार नाही.

माझे थोरले बंधू दर्यापूरकडे शेती करतात. कपाशी, तूर आणि रब्बीला हरभरा, असा आपल्याकडचा नेहमीचा संसार. ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे. एका दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. ट्रॉलीचा मागचा दिवा लागत नव्हता. बंधू म्हणाले, "अरे, तू येवढा शिकला, येवढी तार तं पाहून दे." मी मोठ्या उत्साहाने कामाला लागलो. घराच्या फिटिंगमधून उरलेला जाड, एकेरी तारेचा तुकडा कोनाड्यात पडला होता. तो घेतला, दोन टोके दातांनी सोलली, तारेला तार पिळली, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. दिवा लागला. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. मलाही वाटले, चला, विद्या कामी आली!

तीन आठवडेही झाले नसतील. कापूस विकून ट्रॉली रात्रीची परत येत होती. माझा तो दिवा केव्हा विझला, कोणास ठाऊक. पुढे बसलेल्या माणसाला मागचा दिवा दिसत नाही. मागून मोटरसायकलवर शेजारच्या गावच्या प्राथमिक शाळेतले गुरुजी येत होते. अंधारात त्यांना ट्रॉली दिसली ती अगदी जवळ आल्यावर. पाय दोन ठिकाणी मोडला. पाच महिने ते शाळेत जाऊ शकले नाहीत. जीव वाचला, ही देवाची कृपा. पण आजही ते किंचित लंगडत चालतात, आणि त्यांना पाहिले की माझी मान खाली जाते.

पुढे मी ती गाठ कापून आणली आणि राजापेठेतल्या एका ऑटो-इलेक्ट्रिशियन मिस्त्रींना दाखवली. त्यांनी चाकूने पट्टी उलगडली. उन्हाने तिचा डिंक पातळ होऊन ओघळला होता, आत हिरवी भुकटी धरली होती, आणि पीळ जिथे संपतो त्याच जागी तार तुटली होती. मिस्त्री म्हणाले, "सर, हे तार आपल्या मनानं नाही तुटली. तुम्ही तिले हलू देल्ली, पाणी पिऊ देल्लं, अन् वरून झाकून ठेवली. कोनाले दिसनार कसं?"

त्या एका वाक्यात सगळे शास्त्र होते. पुढची दोन वर्षे मी सवड मिळेल तेव्हा त्यांच्या टपरीवर बसत असे. तिथे जे शिकलो आणि कागदावर हिशेब करून जे ताडून पाहिले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे यंत्रे आली त्याला आता बराच काळ लोटला. भारतात बनलेला आयशरचा पहिला ट्रॅक्टर फरीदाबादला १९५९ साली तयार झाला. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढे गावोगाव विजेचे खांब दिसू लागले. १९६९ साली अकोल्याला कृषि विद्यापीठ निघाले. १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात कृषिमंत्री असलेले आपल्या वऱ्हाडचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव आज ते विद्यापीठ धारण करते. बैलजोडीच्या जागी ट्रॅक्टर आला, मोटेच्या जागी पंप आला. परंतु बैलाच्या खांद्याला कासरा कुठे घासतो, हे आपल्या आजोबांना जसे कळे, तसे ट्रॅक्टरची तार कुठे घासते, हे आपल्याला कळते काय? इंजिनाचे तेल आपण वेळेवर बदलतो. नांगराचा फाळ शेवटून घेतो. तारेकडे मात्र दिवा विझल्याशिवाय कोणी पाहत नाही.

आता तारेचे शत्रू कोण ते पाहू. ते पाच आहेत : हादरा, पाणी, उष्णता, उंदीर आणि आपली घाई.

पहिला शत्रू हादरा. तीन सिलिंडरचे डिझेल इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, तर त्यात मिनिटाला ३००० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला ५०. तासाला झाले १ लाख ८० हजार. वर्षात ट्रॅक्टर ५०० तास चालला असे धरा, तर तारेला ९ कोटी धक्के बसतात. एखादी लोखंडी तार हाताने दहा-वीस वेळा इकडे तिकडे वाकवली की ती तुटते, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. इथे वाकणे अगदी बारीक असते, पण ते ९ कोटी वेळा होते. म्हणून यंत्रावर एकेरी जाड तार कधी वापरू नये. अनेक बारीक तारांची मिळून केलेली तार घ्यावी. पाव मिलिमीटर जाडीच्या ३० तारा एकत्र असल्या की साधारण दीड चौरस मिलिमीटरची तार होते. दुकानदार तिला 'दीड स्क्वेअर एमएम' म्हणतो. सुतळीचा दोर आणि बांबूची काठी यांत जो फरक, तोच या दोन तारांत. दोर वाकतो, काठी मोडते.

दुसरा शत्रू पाणी, आणि आपल्या भागात त्याचा भाऊबंद खार. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचे पाणी पिकालाही सोसत नाही. त्याच पाण्याने आपण ट्रॅक्टर धुतो. पाणी वाळून जाते, क्षार मात्र जोडांत बसून राहतात. दमट हवेत ते पुन्हा ओलावा धरतात आणि तांबे हिरवे पडू लागते. बारीक तारांच्या पोकळीतून ओलावा पाहुण्यासारखा आत शिरतो, आणि जावयासारखा मुक्काम करतो! वरून तार चांगली दिसते, पण सोलून पाहिली तर आत हातभर काळी पडलेली असते. म्हणून खारपाणपट्ट्यातल्या बांधवांनी ट्रॅक्टर धुताना पाण्याचा जोराचा फवारा जोडांवर मारू नये. आणि मिळाली तर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार घ्यावी.

तिसरा शत्रू उष्णता. मे महिन्यात आपल्या अकोल्या-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. सावलीतला हा आकडा. उन्हात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या पत्र्याला हात लावून पाहा. घरच्या फिटिंगच्या तारेचे साधे प्लॅस्टिक सुमारे ७० अंश सोसेल अशा बेताने केलेले असते. इंजिनाजवळ आणि सायलेन्सरजवळ ते कडक होते, त्याला भेगा पडतात आणि तार उघडी पडते. यंत्रासाठी मोटारगाडीचीच तार घ्यावी, आणि सायलेन्सरपासून ती निदान एक वीत दूर न्यावी.

चौथा शत्रू उंदीर. सोयाबीन, तूर घरात आली की शेतातले उंदीर तिच्यामागून गोठ्यात येतात. यंत्राचे आवरण उबदार आणि तार कुरतडायला मऊ. ट्रॅक्टरवर किंवा त्याच्या आसपास धान्याचे पोते ठेवू नये. यंत्र बरेच दिवस उभे असेल, तर आठवड्यातून एकदा टोपण उघडून पाहावे.

पाचवा शत्रू आपली घाई. तिच्याविषयी मी काय सांगणार? माझी गोष्ट आपण ऐकलीच.

शत्रू ओळखले. आता तारजोडणी टिकाऊ कशी करावी, ते क्रमाने पाहू.

पहिला प्रश्न : तार केवढ्या जाडीची? इथे थोडे गणित करावे लागेल. शिक्षक बांधवांनी हे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे. गेओर्ग ओम नावाच्या एका जर्मन शाळाशिक्षकाने १८२७ साली एक नियम ग्रंथरूपाने मांडला. तारेतून वाहणारा प्रवाह आणि तारेचा विरोध यांचा गुणाकार केला, की त्या तारेत किती व्होल्ट खर्ची पडतात ते कळते. पाटातून पाणी नेताना काही पाणी पाटातच मुरते, तसे हे समजा. एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तांब्याच्या तारेचा विरोध सुमारे ०.०१७५ ओम असतो.

आता ट्रॅक्टरवर मागच्या बाजूला ५५ वॉटचा एक कामाचा दिवा लावायचा आहे. बॅटरी १२ व्होल्टची. ५५ ला १२ ने भागले तर साडेचारच्या वर, म्हणजे ढोबळ मानाने ५ अँपिअर प्रवाह झाला. बॅटरीपासून दिव्यापर्यंत ८ मीटर तार जाण्याची आणि ८ मीटर येण्याची, एकूण १६ मीटर. अर्धा चौरस मिलिमीटरची बारीक तार वापरली, तर विरोध ०.५६ ओम, आणि ५ ने गुणले की २.८ व्होल्ट वाटेतच मुरले. दिव्याला १२ पैकी जेमतेम सव्वानऊ मिळाले. तुम्ही म्हणाल, चौथा हिस्साच गेला, बाकी तर पोचले. पण काचेच्या दिव्याचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात उतरत नाही, त्याहून फार भरभर उतरतो. चौथा हिस्सा व्होल्ट घटले की उजेड निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली जातो. आणि जे वाटेत मुरले ते वाया जाऊन संपत नाही, त्याने तार तापते. तीच तार अडीच चौरस मिलिमीटरची घेतली, तर वाटेत अर्ध्या व्होल्टच्या थोडेच वर जातात. दिवा लख्ख लागतो आणि तार थंड राहते.

सेल्फ मारताना तर हा हिशेब आणखी कडक होतो. त्या क्षणी बॅटरीतून २०० अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह जाऊ शकतो. बॅटरीच्या सैल, खारलेल्या टर्मिनलचा विरोध एका ओमचा फक्त शंभरावा भाग धरा. दोनशेने गुणले की २ व्होल्ट तिथेच गेले, आणि त्या एवढ्याशा जागी ४०० वॉटची उष्णता तयार झाली. मग आपण म्हणतो, "बॅटरी बसली बुवा, नवी आना!" अहो, बॅटरी बसलेली नसते, टर्मिनल रुसलेले असते. ते उघडून गरम पाण्याने आणि ब्रशने स्वच्छ करावे, घट्ट आवळावे, वर थोडी पेट्रोलियम जेली लावावी. हे करताना ऋण बाजूची तार आधी काढावी आणि सर्वांत शेवटी लावावी. म्हणजे पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

दुसरा प्रश्न : जोड कसा द्यावा? मिस्त्रींचे पहिले उत्तर असे, की देऊच नये. "सर, जितके जोड, तितके वैरी," ते म्हणत. दिव्यापासून सॉकेटपर्यंत सलग तार टाकावी. जोड द्यावाच लागला, तर तांब्याचे थिंबल तारेवर घालून योग्य पक्कडीने दाबून बसवावे. साध्या पक्कडीने चेपलेले थिंबल हाताला घट्ट लागते, पण हादऱ्याने सुटते. दाबून झाले की ओढून पाहावे. हाताने ओढून जे निघते ते ट्रॅक्टर नक्की काढणार. मग त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. आत गोंद असलेली नळी मिळते. ती तापली की गोंद वितळून पाण्याची वाट बंद होते.

काही जण विचारतील, झाळ का देऊ नये? रेडिओत झाळ चांगली, कारण रेडिओ टेबलावर बसलेला असतो. ट्रॅक्टरवर झाळीचे कथील तारांच्या पोकळीत चढते आणि तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो. ताठ भाग जिथे संपतो आणि मऊ भाग सुरू होतो, नेमकी तिथेच तार वाकून वाकून तुटते. माझी तारही पीळ संपतो तिथेच तुटली होती, हे आपणांस आठवत असेल. म्हणून जोड कोणताही असो, त्याच्या दोन्ही बाजूंना तार पट्ट्याने बांधून टाकावी. हादरा पट्ट्याने सोसावा, जोडाने नव्हे.

तिसरा प्रश्न : तार कोणत्या वाटेने न्यावी? पांदणीचा रस्ता जसा पाहून धरतो, तसा. लोखंडी पत्र्याच्या छिद्रातून तार न्यायची असेल, तर छिद्रात रबरी बुश हवेच. पत्र्याची धार सुरीसारखी असते. सगळ्या तारा एका लवचीक नळीत घालाव्यात आणि दर फुटाला एक पट्टा मारावा. दिव्यात तार वरून न नेता खालून न्यावी. शिरण्यापूर्वी तिला थोडा झोल द्यावा, म्हणजे पावसाचे थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतात, दिव्यात शिरत नाहीत. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये तार ना ताणलेली असावी, ना जमिनीवर लोळणारी. ट्रॅक्टर पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पाहावा आणि मगच लांबी ठरवावी.

चौथा प्रश्न फ्यूजचा. श्रोतेहो, इथे जरा कान देऊन ऐकावे. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी नसतो, तो तारेला वाचवण्यासाठी असतो. १२ व्होल्टचा झटका माणसाला जाणवतही नाही. पण बॅटरीची धन बाजूची तार घासून लोखंडाला टेकली, की तिच्यातून शेकडो अँपिअर धावतात आणि तार क्षणात लाल होते. ट्रॉलीत कापूस भरला आहे, किंवा मळणीयंत्राभोवती सोयाबीनचा वाळका भुसा पडला आहे, अशा वेळी काय होईल, हे मी सांगायला नको. म्हणून बॅटरीतून निघणाऱ्या दिव्यांच्या प्रत्येक तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, फ्यूज हवा. पुढे आठ मीटरवर लावलेला फ्यूज मागच्या आठ मीटरची राखण करू शकत नाही. ५ अँपिअरच्या दिव्याला साडेसात किंवा १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. आणि फ्यूज उडाला म्हणून सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून बसवणे, म्हणजे राखणदाराला झोपेची गोळी देणे आहे. फ्यूज उडतो तेव्हा तो काही सांगत असतो. आधी त्याचे ऐकावे.

पाचवा प्रश्न अर्थचा. ट्रॅक्टरवर बॅटरीची ऋण बाजू सांगाड्याला जोडलेली असते आणि प्रवाह लोखंडातून परत येतो. कारखान्यात ते ठीक. पण ट्रॉलीचे काय? ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांना जोडणारी एक पिन. तिच्यावर ग्रीस, गंज आणि माती. त्या पिनवर भरवसा ठेवला, तर खड्ड्यागणिक दिवा उघडमीट करतो. सात खिळ्यांच्या सॉकेटमध्ये एक खिळा खास अर्थसाठी असतो, त्यातून ट्रॉलीच्या दिव्यापर्यंत स्वतंत्र परतीची तार न्यावी. सांगाड्याला अर्थ जोडताना तिथला रंग खरवडून, लोखंड चमकेपर्यंत घासून मगच बोल्ट आवळावा. रंगावर आवळलेला बोल्ट म्हणजे बंद दारावर ठेवलेले आमंत्रण.

कित्येक बांधव आता एलईडी दिवे लावतात. ते चांगलेच. प्रवाह थोडा लागतो, तार तापत नाही. परंतु तुटलेल्या तारेवर एलईडीही लागत नाही, हे विसरू नये. शिवाय ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले. त्यांच्या इंजिनांवर विजेचे नियंत्रण असते आणि बारीक तारांतून अगदी नाजूक संदेश फिरतात. अशा ट्रॅक्टरच्या मूळ तारांना छेद देऊन हॉर्न किंवा गाण्याचे यंत्र जोडू नये. नवी वस्तू लावायची तर बॅटरीपासून नवी तार, नवा फ्यूज आणि रिले घ्यावा. आणि ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या तारा सोडाव्यात.

आता थोडे घरच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांविषयी. कडबाकुट्टी, विजेचे मळणीयंत्र, विहिरीवरचा पंप. इथे १२ व्होल्ट नाहीत, २३० किंवा ४१५ आहेत. इथली चूक दिवा विझवून थांबत नाही. कुट्टीच्या तारेचे आवरण घासले, तार लोखंडी सांगाड्याला टेकली आणि अर्थिंग नसले, तर सांगाडा जिवंत होतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभी असलेली घरची बाई त्याला हात लावते. श्रोतेहो, असे प्रसंग आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

यावर उपाय दोन आहेत. पहिला, सांगाड्याला भक्कम अर्थिंग. आपली काळी जमीन उन्हाळ्यात आटते, भेगाळते आणि अर्थच्या सळईपासून दूर सरकते. म्हणून अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यातही ओला ठेवावा. दुसरा उपाय, ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्विच, ज्याला दुकानात 'आरसीसीबी' म्हणतात. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला की नाही, हे तो सतत मोजतो. ३० मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा तेहेतिसावा हिस्सा. एवढा जरी कुठे गळाला, तरी तो डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडतो. त्यावर 'टी' अक्षराचे एक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आणि एक गोष्ट अशी, की ॲल्युमिनियमची तार तांब्याच्या तारेला नुसती पिळून जोडू नये. ओलाव्यात त्या दोन धातूंचे पटत नाही, जोड खारतो आणि तापतो. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारे खास लग मिळतात. शिवाय हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, "सर, येवढं कोन करते? हंगाम का थांबून ऱ्हाते?" बरोबर आहे, हंगाम थांबत नाही. म्हणून मी एक छोटी रीत सुचवतो. पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, त्याचे खूर पाहतो, शिंगे रंगवतो. त्याच दिवशी यंत्राच्या तारा पाहाव्यात. एकाने दिवे लावावेत, दुसऱ्याने मागे उभे राहून ओरडून सांगावे की कोणता लागला, कोणता नाही. टर्मिनल, फ्यूज, अर्थ आणि सॉकेट, या चार गोष्टी हाताने हलवून पाहाव्यात. अर्ध्या तासाचे काम आहे. आणि ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्ट्या अवश्य लावाव्यात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये परावर्तकांची तरतूद आहेच. पण नियमासाठी लावू नका. दिवा फसला तरी पट्टी फसत नाही, तिला तार लागत नाही, म्हणून लावा. त्या रात्री आमच्या ट्रॉलीला ती पट्टी असती, तर मला आज हे भाषण करावे लागले नसते.

अधिक माहिती हवी असेल, त्यांनी अकोल्याच्या कृषि विद्यापीठातील कृषि अभियांत्रिकीच्या मंडळींना विचारावे. आणि आपल्या जवळच्या चांगल्या मिस्त्रीला विचारायला लाजू नये. मला जे एम.ए. होऊन कळले नाही, ते मला टपरीवर बसून कळले.

शेवटी एक सांगतो. बरे झाल्यावर ते गुरुजी एकदा माझ्या घरी आले. मी त्यांची क्षमा मागितली. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "झालं ते झालं, सर. ती गाठ तुमच्यापाशी असन तं मले द्या. पोराईले दाखवाची हाय." मी ती त्यांना दिली. त्यांच्या शाळेच्या कपाटात, होकायंत्र आणि लोहचुंबक यांच्या शेजारी ती आज ठेवलेली आहे. मुले ती हातात घेतात, हिरवी पडलेली जागा पाहतात, आणि गुरुजी फळ्यावर ओमचा नियम लिहितात.

गुरुजींच्या वर्गातली काही मुले उद्या ट्रॅक्टर चालवतील. त्यांच्यापैकी एकाने जरी रात्री निघण्यापूर्वी खाली उतरून मागचा दिवा पाहिला, तरी माझ्या त्या गाठीचे थोडे कर्ज फिटले, असे मी समजेन.